जुनी फोर बाय फोर घेताय? आधी लाकडाचं वजन करा

वाचकाचं पत्र थोडक्यात असं:

"मी कुडाळ तालुक्यात झाडं उतरवायचं काम करतो. माड, आंबे, घराच्या कौलांवर आलेल्या फणसाच्या फांद्या, पावसाआधी विजेच्या लायनीखालची छाटणी. माझ्यासोबत चार माणसं आहेत, दोन चेनसॉ आहेत, चढायचे दोर-बेल्ट अलीकडेच घेतले. तौक्ते वादळानंतर काम एवढं वाढलं की रोज टेम्पो भाड्याने घेणं परवडेना. आता स्वतःची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी घ्यायची आहे, जुनी. तीन गाड्या डोळ्यासमोर आहेत. 2012 ची बोलेरो कॅम्पर फोर व्हील ड्राइव्ह, 2017 ची इसुझू व्ही-क्रॉस, आणि लष्कराच्या डिस्पोजलमधली (लिलावात काढलेली) जोंगा, जिला डिझेल इंजिन बसवलंय. मन जोंगावर आहे. मामा म्हणतात, गाडीबिडी सोड, ट्रॅक्टर घे. झाड ओढायला पुढे विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) लावायचा पण विचार आहे. काय करू?"

भाऊ, तुमच्या पत्रात गाड्यांची नावं आहेत, माणसं किती ते आहे, चेनसॉ किती तेही आहे. पण गाडीत रोज काय भरणार आणि त्याचं वजन किती, याबद्दल एक ओळ नाही. कुठली गाडी घ्यायची ते तिथूनच ठरतं, म्हणून मी आधी त्यावरच बोलणार. जोंगाकडे मग येऊ. तुमचं मन तिच्यावर का आहे ते मला कळतं, पण तरी.

तोडलेलं ओलं लाकूड घनफुटाला 25 किलोच्या आसपास धरा. झाडाच्या जातीप्रमाणे थोडं कमी-जास्त होतं, पण हिशेबाला हा आकडा पुरतो. दोन फूट जाडीचा, सहा फूट लांबीचा आंब्याचा एकच ओंडका जवळजवळ 19 घनफूट भरतो, म्हणजे पावणेपाचशे किलो. आता कॅम्पर बघा. तिची भार वाहायची ताकद साधारण एक टन. त्यात तुम्ही पाच जण बसलात, सरासरी 65 किलोने 325 किलो गेले. चेनसॉ, पेट्रोल-ऑइलचे कॅन, दोर, शिडी, चेनपुली, कोयते, पाण्याची कळशी मिळून 120 किलो सहज होतात. राहिले साडेपाचशे. म्हणजे तुमच्या एक टनाच्या गाडीत आंब्याचा एक ओंडका बसला की काम संपलं. दुसरा टाकलात की चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे सरळ होतात, पुढची चाकं हलकी पडतात आणि घाटीत उतरताना ब्रेक तापतो. फोर बाय फोर चढायला मदत करते. थांबायला तिचा काडीचा उपयोग नाही. ब्रेक साध्या टू-व्हील ड्राइव्ह गाडीला जेवढे असतात तेवढेच हिलाही आहेत.

फांद्यांचं उलटं असतं. पाला-फांद्यांनी हौदा वरपर्यंत भरतो, दोर बांधायला जागा राहत नाही, आणि काट्यावर नेलं तर वजन मात्र किरकोळ. त्यामुळे एकाच गाडीने दोन्ही वाहायचा हट्ट धरला की दोन्हीकडे नुकसान होतं.

माझं मत सरळ आहे. ही गाडी माणसं आणि सामान झाडाच्या बुंध्यापर्यंत पोचवण्यासाठी घ्या. लाकूड तिच्यातून न्यायचं नाही. ओंडके ज्याला हवेत तो लाकडाचा व्यापारी आपला ट्रक घेऊन येतोच, आणि वाहतुकीचा पास काढायची कटकटही त्याचीच असू दे. आंबा, फणस, साग, खैर ही झाडं 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत, ती तोडायलाच परवानगी लागते. मग ते लाकूड बिनपासाचं तुमच्या गाडीत सापडलं तर गाडी अडकते आणि ऐन हंगामात हातातली कामं जातात. पाला-फांद्या मालकाच्याच बागेत एका कोपऱ्यात रचून देण्याचं आधी ठरवा. बागायतदाराला आच्छादनाला तो पाला हवाच असतो.

मामांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ओंडके ओढायला, बाहेर काढायला ट्रॅक्टरसारखं दुसरं काही नाही, पण तो विकत कशाला घ्यायचा? वाडीत कोणाचा तरी असतोच, तासाच्या भाड्याने मिळतो. पाच माणसांना घेऊन ट्रॅक्टरने कुडाळहून वेंगुर्ल्याला जायचं म्हटलं तर बराच वेळ रस्त्यात जाईल. शिवाय शेतीसाठी पासिंग केलेली ट्रॉली धंद्याच्या लाकडाला वापरली तर तो आणखी एक घोटाळा.

एकदा हे ठरलं की तीन गाड्यांचा निकाल लावणं सोपं आहे.

व्ही-क्रॉस गाडी म्हणून उत्तम आहे. अडीच लिटरचं इंजिन, आणि फोर बाय फोर चालत्या गाडीत बटण फिरवून लागतं. पण ती 5.3 मीटर लांब आहे. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असलेल्या वाडीच्या रस्त्यावर ती मागे घेताना तुमच्या चार माणसांपैकी दोघांना खाली उतरून हात दाखवावा लागेल. दुसरी गोष्ट पांढऱ्या पाटीची. ती खासगी पासिंगची आहे. स्वतःची अवजारं तिच्यातून नेलीत तर कोणी काही म्हणत नाही, पण पैसे घेऊन गिऱ्हाइकाचा माल नेलात आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला कारण मिळालं. आणि त्या फोर बाय फोरच्या बटणामागे मोटर आहे, वायरिंग आहे, सेन्सर आहेत. वर्षानुवर्षं चिखल-पाणी खाल्लेल्या गाडीत तेच पहिलं दगा देतं. ते दुरुस्त करायला किती लांब जावं लागेल, हे घेण्याआधी विचारा.

जोंगा. हे नाव ऐकलं की जुन्या मेकॅनिकचे डोळे चमकतात, माझेही. निसानच्या परवान्यावर जबलपूरला बनलेली, जाड पत्र्याची, 1999 पर्यंत चाललेली गाडी. मूळ इंजिन सुमारे चार लिटरचं पेट्रोल, आणि ते पेट्रोल पितं म्हणूनच बहुतेकांनी तिला डिझेल बसवलं. तुमच्या गाडीचा प्रश्नही तिथेच सुरू होतो. आरसी बुकावर इंधन पेट्रोल लिहिलंय की डिझेल? इंजिन नंबर जुळतो का? इंजिन बदलल्याची नोंद आरटीओने केलेली नसेल तर ती गाडी कागदावर दुसरीच गाडी आहे. तिला विमा मिळतो, हप्ताही घेतात, पण दाव्याच्या दिवशी सगळं उघडं पडतं. शिवाय सगळ्यात नवी जोंगासुद्धा आज पंचवीस वर्षांहून जुनी आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, फिटनेस. आणि पार्ट? एखादा हब फुटला तर दिवस नाही, आठवडे जातात. रविवारी बाहेर काढायला जोंगा घ्यायची असेल तर मीच सोबत येतो बघायला. रोजीरोटीला नको.

डिस्पोजलच्या गाडीबद्दल एक आणखी, कारण असे लिलाव बघणारे बरेच असतात. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी मालकीच्या गाड्यांच्या नोंदणीचं 15 वर्षांनंतर नूतनीकरण होत नाही. त्यामुळे लिलावाच्या कागदावर गाडी चालू गाडी म्हणून विकली आहे की भंगार म्हणून, ते पहिल्यांदा वाचा. भंगार म्हणून विकलेली गाडी रस्त्यावर आणून देतो म्हणणारा एजंट भेटला तर चहा पाजून त्याला रवाना करा.

उरली कॅम्पर. माझं मत तिच्याकडे. दोन ओळींत पाच माणसं आत बसतात, म्हणजे कोणाला हौद्यात बसायला लागत नाही. आपल्याकडे माणसं हौद्यात बसतातच, पण मालवाहू गाडीच्या हौद्यातल्या माणसाला काही झालं तर विम्याचं भांडण वर्षानुवर्षं चालतं. कामगारांसाठी जादा हप्ता भरून संरक्षण घेता येतं, ते घ्या. अडीच लिटरचं डिझेल इंजिन आहे. तिचा पार्ट कणकवली-सावंतवाडीत मिळतो आणि हात लावणारा मेकॅनिक प्रत्येक नाक्यावर आहे. 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या नव्या नियमाच्या) डिझेल गाड्यांत धूर गाळायचं फिल्टर असतं. छोट्या छोट्या फेऱ्या, जागेवर इंजिन चालू ठेवणं, असं आपलं काम त्याला मानवत नाही, ते चोंदतं. त्या दृष्टीने 2012 ची गाडी तुमच्या सोयीची.

पण ही शिफारस "कॅम्पर" या नावाची आहे. तुम्ही पाहिलेली ती एक गाडी बरी की वाईट, ते खाली झोपून पाहिल्याशिवाय कळणार नाही. म्हणून पुढचं नीट वाचा.

सकाळी इंजिन थंड असताना जा. आदल्या रात्रीच फोन करून मालकाला सांगा की गाडी आधीच चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर इंजिन थंड असताना ती सुरू व्हायला त्रास देते असं समजा, काही कारण सांगितलं तरी.

मग खाली. कोकणात गाडीचा खरा शत्रू खारा वारा आणि ओला कचरा. लाकडाच्या कामातल्या गाडीत भुसा आणि पाला हौद्याच्या खाली, चॅसीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) खाचेत जाऊन बसतो, पावसाळाभर ओला राहतो, आणि पत्रा आतून खातो. हौदा जिथे चॅसीवर बोल्टने बसतो ते ठिकाण, पाट्यांचे हँगर आणि शॅकल (पाटे चॅसीला धरणारे भाग), मागचा क्रॉसमेंबर (चॅसीचा आडवा भाग), आणि मागच्या चाकांच्या वरची चॅसीची वळणं, ही ठिकाणं छोट्या हातोडीने ठोकून बघा. घट्ट लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. बद्द आवाज आला, किंवा पापुद्रा सुटला, तर तिथे फक्त रंग उरलाय. चॅसीला नवंकोरं काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर मालकाला खूश होऊन धन्यवाद देऊ नका, विचारा कधी मारलं आणि का. जुन्या गाडीवर विक्रीच्या आठवड्यात मारलेल्या काळ्या रंगाखाली वेल्डिंगचे तुकडे सापडतात. चॅसीवर वेल्डिंग दिसलं की ती गाडी सोडून द्या, किंमत कितीही पडो. इंजिन उघडता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. सडलेली चॅसी बदलायची म्हणजे दुसरी गाडी घ्यायची.

मग डिफरन्शिअल, म्हणजे चाकांच्या मधला गिअरचा गोळा. पुढे आणि मागे, दोन्ही ठिकाणी बघा. मागच्याचा ऑइल भरायचा नट सगळेच उघडतात, पुढच्याचा कोणी उघडत नाही. दोन्ही उघडा, बोट घाला. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, गाडी ओढ्यातून काढलेली आहे आणि नंतर कोणी बदललं नाही. ऑइलमध्ये चमकणारे कण दिसले तर दात घासतायत. ट्रान्सफर केसलाही (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) तोच नियम.

चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले आहेत का? हे सगळे हसण्यावारी नेतात. पुढे दोन नवे आणि मागे दोन गुळगुळीत असतील तर पुढच्या-मागच्या चाकांचा घेर वेगळा होतो. फोर बाय फोर लागली की ट्रान्सफर केस सतत त्या फरकाशी भांडत राहते. अशी गाडी दोन वर्षं चालवलेली असेल तर आतलं नुकसान डोळ्याला दिसणार नाही, आवाजाला येईल.

आता चालवून. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळवू नका, मालक "लावा, लावा" म्हणाला तरी. या गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांत अडकतो. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, डांबरावर टायर घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्टच्या क्रॉसवर येतो आणि गाडी आखडून थांबल्यासारखी होते. मऊ जमिनीवर, शेतातल्या वाटेवर न्या. फोर बाय फोरचे दोन टप्पे असतात, हाय नेहमीच्या वेगाचा आणि लो सावकाश पण जास्त ताकदीचा. आधी हाय, मग गाडी पूर्ण थांबवून लो. लो न लागणाऱ्या गाड्या खूप विकल्या जातात, कारण घेणारा फक्त हाय लावून बघतो. तुम्हाला खरी गरज लो ची आहे. जांभ्याच्या चढावर भरलेली गाडी सावकाश चढवताना आणि तितकीच सावकाश उतरवताना लो गिअरच इंजिनाचा ब्रेक देतो. लो मधून परत येताना दांडा अडकला तर घाबरू नका, गाडी हातभर मागे घ्या, सुटतो. तो दोष नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना पुढून टकटक आली तर पुढच्या जॉइंटचा खर्च धरा. चढावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं आणि गाडी मागे राहिली, तर क्लच गेलाय. क्लच मोठी गोष्ट नाही, पण किंमत पाडायला चांगलं कारण आहे.

हेही स्वतःला विचारा की तुमच्या कामांपैकी किती ठिकाणी फोर बाय फोर लागतेच. लायनीखालची छाटणी एप्रिल-मेमध्ये, कोरड्या रस्त्यावर. घराजवळची झाडं बहुतेक अंगणापर्यंत डांबर असलेली. खरी गरज पावसात, आणि निसर्ग-तौक्तेसारखं वादळ आलं की. वादळानंतर तालुक्यात पहिल्या दिवशी जो पोचतो त्याला पुढे महिनाभर फोन येतात, म्हणून मी तुम्हाला फोर बाय फोर घेऊ नका असं म्हणत नाही. पण बघताना एखादी साधी टू-व्हील कॅम्पर निम्म्या गंजाची आणि चांगल्या टायरांची मिळाली, आणि फोर बाय फोरवाली सडलेली असली, तर मी साधीच घेईन आणि उरलेल्या पैशात मागे मातीचे चांगले टायर टाकीन.

विंचबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, मला मात्र त्यावर थांबावंसं वाटतं, कारण यात माणसं मरतात. पुढे लावलेला इलेक्ट्रिक विंच गाडी चिखलातून काढायला असतो. उभं झाड ओढून पाडायला तो वापरायचा नाही. झाड ज्या दिशेला पाडायचं त्याच दिशेला गाडी उभी असते. झाड 40 फुटांचं आणि गाडी त्याहून जवळ उभी असली तर शेवटी झाड बॉनेटवर. गाडी झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, आणि शक्यतो त्या रेषेतून बाजूला हवी. त्यासाठी पाडायच्या दिशेला दुसऱ्या भक्कम झाडाच्या बुंध्याला पुली बांधून दोर वळवून घ्यायचा. त्याहून बरं म्हणजे हाताने चालवायचा टिर्फर किंवा चेनपुली. सावकाश ओढते, हाताला ताण कळतो, आणि गाडी लांब पार्क. गाडीला हूक लावायचाच तर चॅसीला बोल्टने, बंपरला नाही. तारेचा दोर तुटला तर कापत जातो, त्यामुळे ओढताना दोराच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही, अगदी गिऱ्हाईक मोबाईलवर शूटिंग करत असलं तरी. आणि गाडीच्या टपावर उभं राहून फांदी कापायची सवय असेल तर ती आजच सोडा.

कागद. आरसीवर बोजा आहे का, कर्ज फिटलं असलं तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (आरसीवरून बोजा उतरवायचा अर्ज) झालाय का, ते पाहा. चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, आरसीशी जुळवा. थकलेली ई-चलानं आधी भरून घ्या. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं, आणि वय वाढेल तशी फी वाढते, तेव्हा आजचा आकडा आरटीओत विचारूनच किंमत बोला. लायसन्सची काळजी नको. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. कॅम्पर त्याच्या खूप खाली आहे.

सौदा करण्याआधी एक विनंती मालकाला करा. तुमची चार माणसं आणि सगळं सामान भरून गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्यायची परवानगी मागा. काट्याची पावती आणि आरसीवरचं एकूण वजन शेजारी ठेवा. किती शिल्लक राहतं ते बघून त्या गाडीत लाकूड टाकायचं की नाही, ते तुमचं तुम्हालाच कळेल. मालक नाही म्हणाला तर दुसरी कॅम्पर शोधा, सिंधुदुर्गात त्यांची कमी नाही.

पैसे देताना खरेदीच्या किमतीचा चौथा हिस्सा बाजूला काढून ठेवा. टायर, सगळी ऑइलं, ब्रेकचे लायनर आणि पाट्यांचे बुश, एवढं पहिल्या महिन्यातच करावं लागतं. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच दिवशी घ्या, "नंतर करू" ऐकू नका. ताबा मिळाल्यापासून 14 दिवसांत विमा आणि 30 दिवसांत आरसी तुमच्या नावावर करायचा अर्ज द्यायला हवा.